येतोय का गं वास?

माझ्या सासऱ्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. त्या माणसाचं सगळं आयुष्यच नाकावर चाललेलं, तेव्हा राग तरी दुसरीकडे कुठे राहणार?

ते साबणाच्या कारखान्यात होते. तयार झालेल्या प्रत्येक घाण्यातली एक वडी त्यांच्या टेबलावर यायची. ते डोळे मिटायचे, हनुवटी वर करायचे, वडी नाकाखालून फिरवायचे आणि मान हलवली की माल पुढे जायचा. नाही आवडला तर एकच शब्द, "परत." त्या एका शब्दावर अख्खा घाणा माघारी. मोठ्या साहेबांनी हुज्जत घातली तरी "परत" म्हणजे परत. कारखान्यात त्यांना नाकसाहेब म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्यांना ते आवडेही.

मग ते निवृत्त झाले आणि ते नाक कायमचं आमच्या घरी राहायला आलं.

माझ्या लग्नानंतर लगेचचीच ही गोष्ट. त्यांच्या लेखी आता घर म्हणजेच कारखाना आणि आम्ही सगळे घाण्यातल्या वड्या. टॉवेलला कुबट वास येतो. दुधाला फ्रिजचा वास येतो. माझ्या केसांना येणारा वास तेलाचा की स्वस्त तेलाचा, यावर ते जेवताना बोलायचे. मी नवी होते, गिळून टाकायचे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, त्या तर जन्मभर गिळतच आल्या होत्या. त्यांच्या तोंडून "नाही" हा शब्द मी ऐकलाच नव्हता. "हो" म्हणायच्या, "बरं" म्हणायच्या, फार झालं तर "बघते" म्हणायच्या.

एक मात्र कबूल करते, बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पाण्याचं काम मनापासून हातात घेतलं होतं. आमच्या गल्लीत नळाला येतं ते पाणी कधी गढूळ, कधी पिवळट. ते खालच्या हौदात साठायचं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत जायचं. बाबांनी मध्ये एक पिंप बसवलं. तळाशी गोटे, त्यावर बारीक खडी, त्यावर जाड वाळू आणि सगळ्यात वर चाळलेली बारीक वाळू. पाणी आधी पिंपात पडायचं, झिरपून मग टाकीत उतरायचं. वाळू वरचेवर काढून धुवावी लागते. ते उघड्या अंगाने गच्चीत बसून घमेल्यात वाळू धूत, वरचं पाणी नितळ होईपर्यंत. आणि मग टाकीत औषध, म्हणजे जंतू मारायचं ते पातळ क्लोरीन.

"आधी गाळ काढायचा, मग औषध टाकायचं," ते येईल त्याला ऐकवत. "गढूळ पाण्यात औषध ओतलंत तर ते गाळातच खपतं. जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही." पाहुण्याने नुसता पाण्याचा पेला उचलला तरी त्याची सुटका नव्हती.

औषध किती टाकायचं हे नाकाने ठरायचं. अंदाजाने टोपणभर ओतायचं, पाणी ढवळायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग पेला भरून वास घ्यायचा. वास पुसटसा यायला हवा. फार आला तर जास्त झालं, आला नाही तर आणखी टाकायचं. आपण वास घेऊन झाला की ते पेला घेऊन शिडीने खाली उतरत, स्वयंपाकघरात येत आणि आईंच्या नाकासमोर धरत.

"येतोय का गं वास?"

"येतोय," आई म्हणायच्या.

ते मान हलवायचे. हा प्रश्न नव्हताच मुळी, ही परीक्षा होती, आणि उत्तर आधीच ठरलेलं. फार पूर्वी एकदा आईंना सर्दी झाली होती आणि त्या म्हणाल्या होत्या, "मला नाही बाई कळत." त्यावर अख्खं जेवण होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. "तुझं नाक आहे कशाला? चष्मा ठेवायला?" हे मला आईंनीच सांगितलं, हसत हसत. मला तेव्हाही हसू आलं नाही.

मग माझा नवरा आजारी पडला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आधी सुजलेले पाय, मग यंत्राला जोडून रक्त धुणं, मग डॉक्टर म्हणाले, कोणीतरी मूत्रपिंड द्यायला हवं. बाबांची तपासणी झाली, त्यांचं रक्तच जुळेना. ते डॉक्टरवर एवढे खेकसले की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली. माझं रक्तही जुळलं नाही. आईंचं जुळलं. त्या म्हणाल्या, "बरं." भाजी आणायला सांगितलं तर म्हणतील तशा आवाजात.

त्यांच्या कुशीतलं काढून त्याच्या पोटात बसवलं आणि तो उठून उभा राहिला. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून बजावलं. शरीराने हे परकं मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून आम्ही औषधं देऊन त्याच्या शरीराचे हात बांधून ठेवलेत. बाहेरून जंतू आला तर हे शरीर लढणार नाही. अन्नाला जपा आणि पाण्याला त्याहून जास्त जपा.

त्या दिवसापासून घरातली टाकी ही टाकी राहिली नाही. माझ्या नवऱ्याचा जीव त्या पाण्याला बांधलेला होता. प्यायचं पाणी आम्ही उकळत होतो. पण तोंड धुणं, दात घासणं, फळं धुणं, भांडी विसळणं, सगळं टाकीवरच.

नवऱ्याने पाणी तपासायचे थेंब आणले. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झालं की औषध पुरेसं आहे, नाही झालं की नाही. शेंबड्या पोरालाही जमेल. बाबांनी ती डबी हातात फिरवली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्यावर भरवसा नाही का?"

"भरवशाचा प्रश्न नाही, बाबा. तुमच्या नाकाला जोड म्हणून."

"ज्या नाकावर एवढा कारखाना चालला, त्याला आता जोड लागायला लागली!" त्यांनी डबी खणात टाकली आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला. नवरा गप्प बसला. ही त्यांच्या घराण्याची रीतच, बाबा चिडले की बाकीच्यांनी गप्प बसायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी माझ्या हाताला हात लावला. मीही गप्प बसले.

त्यानंतरच्या थंडीत बाबांना ताप आला. चांगलाच आला, उठले तेव्हा गालफडं बसली होती. आणि उठले ते बदलूनच. टॉवेलबद्दल बोलणं बंद. दुधाबद्दल बंद. एकदा भात खालून लागला, मला स्वतःला घास जाईना, आणि हे मुकाट्याने जेवून उठले. मला वाटलं, तापाने का होईना, म्हातारा निवळला. नवरा म्हणाला, "बाबा मऊ झालेत गं." आम्ही दोघं खूश होतो. माणूस सुधारतोय म्हणून आम्ही खूश होतो, आणि ते होतं दुखणं.

मग दुधाची गोष्ट घडली. गॅसवर दूध ठेवून मी कपडे वाळत घालायला गेले होते. बाबा तिथेच, गॅसपासून दोन हातांवर, पेपर वाचत बसलेले. मी परत आले तर घरभर धूर, पातेलं काळंठिक्कर, करपल्याच्या वासाने जिन्यातच घसा धरला. मी ओरडले. बाबांनी पेपर खाली केला. धुराकडे पाहिलं. आणि मग नाक मुरडलं. आधी पाहिलं आणि मग मुरडलं, हे मला खटकलं. मी आईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वय झालं, लक्ष नसतं." मी पातेलं घासायला घेतलं.

उन्हाळा लागला आणि नवऱ्याला एका सकाळी थंडी वाजून आली. दुपारपर्यंत ताप, जुलाब, उलट्या. तो न्हाणीघरातून भिंत धरून बाहेर यायचा आणि परत आत जायचा. हॉस्पिटलात नेलं तेव्हा ओठ पांढरे पडले होते. अंगातलं पाणी जाऊन मूत्रपिंड सुकत चाललं होतं. आईंचं मूत्रपिंड. आई त्याच्या उशाशी बसल्या होत्या आणि त्यांचा एक हात स्वतःच्या कुशीवर होता, जिथे टाके होते तिथे. त्यांना ते कळतही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "पाणी कुठलं पितो?"

"उकळलेलं."

"दात कुठल्या पाण्याने घासतो?"

"टाकीच्या," मी म्हणाले. मला ते पातेलं आठवलं, आणि ते उशिरा मुरडलेलं नाक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यापाशी नणंदेला बसवलं, आईंना सोबत घेतलं आणि तडक घरी आले. वाटेत औषधांच्या दुकानातून पातळ क्लोरीनची नवी बाटली घेतली.

घरात शिरले, खण ओढला, थेंबांची डबी काढली. अजून सील होतं तिला. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, खिडकीशी धरलं. पाणी होतं तसंच. पिवळेपणाचा मागमूस नाही.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "कसा आहे तो?"

"गच्चीची किल्ली द्या."

"मी काय विचारतोय?"

"मरत नाहीये अजून. किल्ली द्या."

"सूनबाई, जीभ सांभाळ. आणि माझ्या टाकीला काही झालेलं नाही. हॉस्पिटलातलंच काहीतरी खाल्लं असेल त्याने."

"हॉस्पिटलात तो आजारी पडल्यावर गेला, बाबा!"

"आवाज खाली कर."

"नाही करणार."

या घरात असं कोणी बोललं नव्हतं. आई ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी बाबांकडे पाठ करून दोन पेले घेतले. एकात नळाचं पाणी भरलं. दुसऱ्यात पाणी भरून नव्या बाटलीतलं औषध ओतलं, चांगलं सढळ हाताने, माझ्या डोळ्यांत चरचरलं एवढं. दोन्ही पेले टेबलावर त्यांच्यापुढे ठेवले.

"सांगा, औषध कशात आहे? तुम्ही सांगाल ते मी मानेन. किल्लीही मागणार नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी दोन पावलं मागे सरकले असते. मग पहिला पेला उचलला. डोळे मिटले, हनुवटी वर केली, पेला नाकाखालून फिरवला. मग दुसरा. मी उभी होते तिथवर दुसऱ्या पेल्याचा भपकारा येत होता. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. परत पहिला उचलला. परत दुसरा. पेला खाली ठेवताना पाणी टेबलावर सांडलं. आणि मग सवयीने म्हणा नाहीतर भीतीने, दोन्ही पेले त्यांनी आईंच्या पुढे केले.

"तू सांग. येतोय का गं वास?"

आईंनी पहिला पेला घेतला. नाकाशी नेला आणि खरोखर श्वास आत ओढला. मी इतकी वर्षं बघत होते, पण हे पहिल्यांदाच बघितलं. एरवी पेला नाकापर्यंत येण्याआधीच त्या "येतोय" म्हणायच्या. दुसरा पेला जवळ नेताच त्यांनी झटकन तोंड फिरवलं.

"ह्यात येतोय," त्या म्हणाल्या. "त्यात नाही."

"त्यात नाही? म्हणजे तो नळाचा. परवाच तर तू हो म्हणालीस!"

"मी कधी वास घेतलाच नाही हो."

"म्हणजे?"

"तुम्ही घेतलेला असायचा ना. तुमच्या नाकापुढे माझं काय नाक? तुम्ही विचारायचात, मी हो म्हणायची."

"अगं, मग नाही म्हणायचं होतंस!"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही सुखाने घास गिळू दिला असता का?"

बाबा खुर्चीत बसले. टेबलावरचं सांडलेलं पाणी तळहाताने पुसलं. मग म्हणाले, "मला येत नाही वास. त्या तापापासून. काहीच येत नाही." आणि अगदी हळू, "म्हणून तर तुला विचारत होतो."

तर हे असं होतं. ते आईंच्या शब्दावर विसंबले होते आणि आई त्यांच्या नाकावर. मध्ये माझ्या नवऱ्याचा जीव टांगलेला, आणि त्याला धरायला कोणीच नव्हतं.

त्या वेळी कोणाला त्या म्हाताऱ्याची दया आली असती. मला आली नाही. मी काहीतरी तोडून बोलणार होते, पण मला संधीच मिळाली नाही. आईंच्या हातातला पेला ओट्यावर आपटला. पाणी भिंतीपर्यंत उडालं.

"एक शब्द तुम्हाला सांगता आला नाही? मला वास येत नाही, एवढाच?" त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "माझी कूस फाडून दिली हो मी त्याला! शुद्धीवर आले तेव्हा आग आग होत होती, मी हूं की चूं केलं नाही. आणि तुम्ही नाक जपत बसलात! तुमचं नाक खाली होऊ नये म्हणून माझं लेकरू तिकडे तडफडतंय!"

"मला वाटलं, परत येईल वास..."

"आणि मी! मी अशी मूर्ख!" त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "शरीरातलं काढून दिलं, पण जिभेवरचं 'नाही' तेवढं निघेना माझ्या! जन्मभर हो, हो, हो. काय मिळालं? द्या ती किल्ली!"

बाबांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. आईंनी ती उचलली आणि माझ्या हातात दिली.

गच्चीत आम्ही तिघं गेलो. औषधाचा मोठा कॅन वाळूच्या पिंपाला टेकून भर उन्हात उभा होता. 'थंड, अंधाऱ्या जागी ठेवा' असं त्यावरच छापलं होतं. उन्हाने त्याचा दम केव्हाच गेला होता. पूर्वी हे बाबांना पहिल्या वासातच कळलं असतं, त्यांनी कॅन फेकून दिला असता. आता ते मेलेलं औषध टोपणभर मोजून ओतत होते आणि खाली येऊन विचारत होते.

मी वाळूच्या पिंपाचं झाकण उचललं आणि मला उमासा आला. आतून सडक्या चिखलाची अशी घाण येत होती की मी झाकण टाकून कठड्याकडे धावले. किती काळ ती वाळू धुतली नव्हती कोण जाणे. वाळू धुवायची वेळ त्यांना कॅलेंडर सांगत नसे, नाक सांगत असे. बाबा पिंपाच्या तोंडाशी शांत उभे होते, बागेत उभं राहावं तसे. त्यांनी वळून माझं तोंड पाहिलं, पदराने नाक दाबलेल्या आईंना पाहिलं, आणि आपण काय करून ठेवलंय ते त्यांना आमच्या तोंडांवरून कळलं.

बाबांनी सदरा काढला, टाकीचा तळाचा नळ सोडला आणि पाणी ओसरल्यावर आत उतरले. भिंती, तळ, कोपरे, सगळं ब्रशने खरवडून काढलं. गाळ बादलीने बाहेर दिला. मी बादल्या ओतत होते. एकदाही म्हटलं नाही की बाबा, दमलात, बाहेर या. जुनी वाळू फेकली, नवी आणून धुतली. नव्या बाटलीतलं औषध कडक करून टाकी भरून ठेवली, घरातले सगळे नळ सोडून तेच पाणी नळांतून खेळवलं, मग सगळं सोडून दिलं आणि नवं पाणी घेतलं. कॅनची जागा जिन्याखालच्या अंधारात गेली.

नवरा वाचला. मूत्रपिंडही वाचलं, पण पूर्वीसारखं राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पंधरा वर्षं जे चाललं असतं ते आता किती चालेल, त्या सांगू शकत नाहीत. आणि आईंच्या पोटात द्यायला दुसरं नाही. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा, म्हातारं माणूस आहे. त्यांना म्हणावं, तुम्ही विसरा. मी त्यांना जेवायला वाढते, त्यांच्या गोळ्या आणते, आणि नवऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला की त्यांच्याकडे बघत नाही. बघितलं तर काय बोलेन याचा मला भरवसा नाही.

पाण्याचं काम अजून त्यांच्याकडेच आहे. आईंनीच ठेवलं. "ज्याने केलं त्यानेच निस्तरायचं," म्हणाल्या. पण थेंबांची डबी आता आईंच्या ताब्यात असते.

काल ते औषध टाकून पेला घेऊन शिडीवरून खाली आले. गुडघे कुरकुरत होते, मला बाहेर ऐकू आलं. त्यांनी पेला आईंच्या पुढे धरला. "येतोय का गं वास?"

आईंनी हातातलं काम सोडलं. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, खिडकीशी धरून पाहिलं. मग पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, हनुवटी वर केली. बाबा समोर उभे होते, पास होतो की नाही ते बघत.

"परत," आई म्हणाल्या.

बाबांनी पेला घेतला आणि पुन्हा शिडी चढायला लागले.